माईंच्या वाट्याची खीर

“सवाष्ण म्हणून पाटावर बसलीस की तू तू नसतेस. त्या घरची गेलेली बाई तुझ्या तोंडानं जेवते. तेव्हा पानावर हात आडवा धरायचा नाही, नि ‘पुरे’ म्हणायचं नाही.”

सासूबाईंनी हे मला सांगितलं ते लग्नानंतरच्या पहिल्याच पितृपंधरवड्यात, तांदूळ निवडता निवडता. नवरा मागं ठेवून गेलेल्या बाईचं श्राद्ध अविधवा नवमीला करतात. त्या दिवशी श्राद्धाच्या पानावर आमचे हे आणि सवाष्णीच्या पानावर मी, असं राजापुरात बरीच वर्षं चालत आलं होतं. भटजीची बायको म्हणून तो मान माझ्याकडं आपोआपच यायचा.

मी सांगतेय त्या वर्षी बोलावणं आलं वरच्या आळीतल्या आप्पा बिवलकरांकडून. त्यांच्या माई आदल्या वर्षी गेल्या होत्या.

सकाळी हे निघायला उभे राहिले, तेव्हा मी खाली वाकून बघितलं.

“अहो, थांबा जरा. पट्टी ओली झालीय.”

“राहू दे. चालताना सुकेल.”

“कालही हेच म्हणालात.”

“काल सुकली होती की.”

ह्यांच्या उजव्या अंगठ्याला चपलेचा पट्टा घासून फोड आला, तो श्रावणात. तो फुटला नि भरेना. मी हळद लावली, तूप लावलं, शेवटी हट्टानं रत्नागिरीला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण बोलणं सरळ. साखर तपासली, पाय दिव्याखाली धरून बघितला, नि म्हणाल्या, “गुरुजी, हा पंधरवडा तुम्ही नेहमीसारखे जेवलात तर नुसत्या अंगठ्यावर भागायचं नाही. पाय जाईल.”

“पंधरवडा संपू दे, मग बघू,” हे म्हणाले.

“आणि मला सांगा, जेवून उठल्यावर पुन्हा भूक लागते ना?”

“लागते. चांगली लागते. वडिलांनाही लागायची.”

“ती भूक खरी नव्हे. गोड नि मऊ भात पोटात गेला की साखर झपकन चढते, झपकन उतरते. उतरली की पोट परत मागतं. वर्षानुवर्षं असं चाललं की पोट भरल्याचा निरोप पोचेनासा होतो.”

परतीच्या एसटीत हे खिडकीकडं तोंड करून बसले होते. ओणीचा फाटा आला तेव्हा एकदम म्हणाले, “माझी भूक खोटी म्हणतात! तीन पिढ्यांची भूक आहे ही.”

मी हसले नाही. पाय मांडीवर घेऊन बसायला जागा नव्हती, म्हणून माझी पिशवी त्यांच्या टाचेखाली सरकवली.

ह्यांचं जेवण हा गावाच्या कौतुकाचा विषय होता. अंगानं हे मूळचेच भरलेले, त्यात पंधरवड्यात रोज कुणाकडं तरी खीर, वडे, लाडू. खालच्या आळीतले तात्या लिमये तर बाजारात सांगत फिरायचे, “आमच्याकडं गुरुजींनी परात रिकामी केली हो! ते उठले तेव्हा पाटानं सुस्कारा सोडला.” लोक हसायचे, हेही हसायचे. ज्याच्याकडं गुरुजी जास्त जेवले त्याचे पितर जास्त संतुष्ट, असा एक हिशेबच बसून गेला होता. कुणाच्या मनात वाईट नव्हतं. वाईट असतं तर बोलता आलं असतं.

वरच्या आळीच्या पायऱ्या चढताना हे मध्येच थांबले. दम लागला होता. उपरण्यानं मान पुसली.

“आज जरा कमी जेवा,” मी म्हटलं.

“कमी म्हणजे किती?”

“पोट भरलं की थांबा.”

हे पायरीवर तसेच उभे राहिले. मग हळू आवाजात, इकडंतिकडं बघून म्हणाले, “अगं, त्या बाई एक मात्र खरं बोलल्या. मला कळतच नाही ते. पान संपलं की मी उठतो. पान संपलंच नाही, तर मी बसून राहीन.”

लग्नाला इतकी वर्षं झाली, पण हे त्यांनी मला कधी सांगितलं नव्हतं. लहान मुलानं अंधाराची भीती सांगावी तसं सांगितलं. मी नुसती त्यांच्या कोपराला हात लावला, नि आम्ही उरलेल्या पायऱ्या चढलो.

आप्पा दारातच उभे होते. सडसडीत, ताठ, वाळक्या शेंगेसारखे. मुलगा बोटीवर, तेव्हा श्राद्धाला तेच बसणार होते. स्वयंपाक सुनेनं, शैलानं, ओल्या साडीत पहाटेपासून केला होता. आतून वड्यांचा नि वेलदोड्याचा वास येत होता.

श्राद्धाला आलेल्या ब्राह्मणाचे पाय यजमान धुतात. आप्पा तांब्या घेऊन खाली बसले. ह्यांनी डावा पाय पुढं केला. उजवा धोतराच्या सोग्याखाली मागंच ठेवला.

“तोही द्या, गुरुजी.”

“त्याला जरा लागलंय. नुसतं पाणी शिंपडा.”

आप्पांनी मान वर न करता पाणी शिंपडलं. मी भिंतीकडं बघितलं.

माईंना हेच साखरेचं दुखणं होतं. ते उघडकीला आल्यावर आप्पांनी घरातली साखर, गूळ, काकवी, सगळं एका फडताळात घालून कुलूप लावलं नि किल्ली जानव्याला बांधली. गावभर थट्टा झाली. माई माझ्याकडं हळदीकुंकवाला यायच्या नि स्वतःच सांगायच्या, “आमच्याकडं देव उघड्यावर, साखर कुलपात.” नि पदर तोंडाला लावून हसायच्या. सुरुवातीला मात्र हसत नसत. एकदा मी देवीपुढची खडीसाखर त्यांच्या हातावर ठेवली, तर त्यांनी मूठ मिटली, पुन्हा उघडली, परत दिली. डोळ्यांत पाणी होतं.

पिंडदान झालं. पानं मांडली. ह्यांच्या शेजारी, थोडं अंतर सोडून, माझं पान. चातुर्मासात माझं जेवताना मौन असतं. पहिल्या घासापासून आचवेपर्यंत शब्द काढायचा नाही. शब्द गेला तर त्या पानावरून उठायचं, पुन्हा त्यावर बसायचं नाही. हे आप्पांना ठाऊक होतं. ते मला म्हणाले, “वहिनी, तुम्हाला विचारणार नाही मी. वाढत जाणार. तुम्ही तिच्या जागी बसलाय.”

वाढायला शैला पुढं झाली तर आप्पांनी तिला थांबवलं. “मी वाढतो. तू नुसतं आणून दे.”

वरण-भात, अळू, कारल्याची भाजी, आमसुलाची चटणी, वडे. मग खीर. आप्पांनी खिरीचं पातेलं दोन्ही हातांनी धरून आणलं. ह्यांची वाटी भरली, माझी भरली.

“ही तिची खीर,” ते म्हणाले. “नारळाच्या दुधातली. चमचाभर द्या हो, म्हणायची. तुमचा चमचा नको, लहान चमचा द्या, म्हणायची. दिली नाही मी. एकदाही दिली नाही.”

ह्यांनी वाटी तोंडाला लावली नि खाली ठेवली. आप्पांनी ती पुन्हा भरली.

“गुरुजी, लाडू. रव्याचा. ह्याच्यासाठी ती माझ्याशी दोन दिवस बोलली नव्हती.”

लाडू गेला. दुसरा आला. वडे आले. ह्यांच्या कानामागून घामाची धार गळ्यापर्यंत आली होती. एरवी यजमान वाढतात त्यात मिरवणं असतं. आप्पांच्या वाढण्यात ते नव्हतं. एखाद्या तापानं फणफणलेल्या माणसाच्या तोंडात पाणी घालावं तसे ते वाढत होते. आणि हे मुकाट खात होते, मान खाली घालून, नेहमीसारखे हसतसुद्धा नव्हते.

मी माझ्या पानातला भात कालवत राहिले. घास जाईना. ह्यांनी मांडी घातली होती आणि उजव्या पायाची पट्टी पाटाच्या कडेवर टेकली होती. पाटाच्या लाकडावर ओला डाग उमटला होता. बघता बघता तो मोठा झाला.

आप्पा तिसऱ्यांदा खीर घेऊन आले. ह्यांनी हात पुढं केला नाही, आडवाही धरला नाही. नुसती वाटीकडं बघत राहिले. पळी खाली आली.

“आप्पा, नको,” मी म्हटलं.

माझा आवाज मलाच परका वाटला. शैला दारात थिजली. हे माझ्याकडं वळले, “अगं—”

मी पानाला नमस्कार करून उठले. “नका घालू. ह्यांना माईंचंच दुखणं आहे. पाय भरत नाहीये.”

आप्पांच्या हातातली पळी तशीच अधांतरी राहिली. तिच्यातून खीर ठिबकत होती, जमिनीवर, त्यांच्या पायावर.

“वहिनी, तुम्ही उठलात,” ते म्हणाले. आधी त्यांना तेवढंच कळलं. “ती अर्ध्या पानावरून उठली.”

दुसऱ्याच्या घरचं श्राद्ध मी मोडलं होतं. पदराचं टोक घट्ट धरून उभी राहिले.

मग त्यांचं लक्ष पाटाकडं गेलं. त्यांनी पातेलं खाली ठेवलं, जमिनीवर बसले, नि ह्यांचा उजवा पाय सरळ आपल्या मांडीवर घेतला. सोवळ्याची पर्वा केली नाही. पट्टी सोडली. बराच वेळ बघत होते. त्यांना बघता येत होतं ते. माईंच्या पायांवर त्यांची नजर तयार झाली होती.

“कधीपासून?”

“श्रावणापासून,” हे म्हणाले.

“सकाळी मी पाणी शिंपडलं ह्याच्यावर. तुम्ही बोलला नाहीत?”

“बोललो असतो तर तुम्ही वाढलं असतंत?”

“नसतंच वाढलं! मी काय वेडा आहे?”

“मग माईंना कोण देणार होतं, आप्पा?”

आप्पांनी पाय तसाच धरून ठेवला होता. त्यांची हनुवटी हलायला लागली.

“तिला उपाशी मारलं मी,” ते म्हणाले. “वाचावी म्हणून केलं. तरी गेली. मग कशाला केलं? म्हटलं, आता तरी खाऊ दे. आता तर काही होणार नाही ना तिला.”

बाहेर कावळे पिंडाभोवती कालवा करत होते.

“आप्पा, एक सांगू?” शैला दारातून म्हणाली. “रागवाल.”

“बोल.”

“मी माईंना लाडू दिला होता. तुम्हाला चोरून. माहेरून डबा आला होता तेव्हा, शेवटच्या दिवाळीत. तुम्ही दुपारी पडला होतात. म्हटलं, किती जीव मारायचा माणसानं.”

आप्पांनी वर बघितलं.

“त्यांनी घास घेतला. मग म्हणाल्या, ‘शैले, हे काय गं, जिभेला चिकटतंय नुसतं. किती गोड केलंय तुझ्या आईनं!’ माझ्या आईचे लाडू नेहमीचेच होते. त्यांनी उरलेला लाडू कुस्करून कावळ्यांना टाकला, नि मला म्हणाल्या, ‘आप्पांना सांगू नको. त्यांना वाटतं मी अजून मागते मनातल्या मनात. वाटू दे. जरा लाड करतात माझे त्यामुळं.’”

“खोटं बोलतेस,” आप्पा म्हणाले. “माझं मन राखायला.”

“देवाशपथ. मग त्यांनी तुमच्या मुगाच्या उसळीतली वाटीभर उसळ घेतली, भाकरीचा कोर घेतला, नि म्हणाल्या, ‘आता कसं, जेवल्यासारखं वाटलं. पूर्वी दिवसभर खात होते नि दिवसभर भुकेली होते. आता भूक लागते, नि भागते.’ तुम्हालाही म्हणायच्या त्या हे. तुम्ही म्हणायचात, समजूत घालू नको माझी.”

आप्पांच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरत होतं, डोक्यावरचा हारा कुणीतरी हात लावून उतरवावा तसं. “म्हणायची,” शेवटी ते म्हणाले. “म्हणायची खरी.”

आप्पा माईंच्या सोबतीनं तसलंच जेवायला लागले होते आणि माईंच्या मागंही तेच जेवत होते, हे मला तेव्हा कळलं. श्राद्धाच्या दिवशीसुद्धा शैलानं त्यांचं वेगळं करून ठेवलं होतं. मोडाच्या मुगाची उसळ, नाचणीची भाकरी, ताकातला पालक. आप्पा उठले नि स्वतः आत जाऊन ते ताट घेऊन आले.

“गुरुजी, हे चालेल पानावर?”

“गेलेल्याला जे आवडत होतं ते वाढावं,” हे म्हणाले. “मला तेवढं शास्त्र पुरे आहे.”

मग त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी अजून उभीच होते.

“बस.”

“माझं मौन मोडलं.”

“ते पान गेलं तुझं, बरोबर. आप्पा, सवाष्णीला दुसरं पान मांडा. नवं पान, नवं मौन. नियमाला मी बसलोय इथं.”

“फार सोयीचं शास्त्र आहे तुमचं,” आप्पा म्हणाले, नि रडता रडताच हसले.

नवं पान आलं. चतकोर भाकरी, उसळ, पालक. मी बसले. माझा घास आता गेला. शेजारी ह्यांनी भाकरीचा तुकडा मोडला, उसळीत बुडवला, तोंडात घातला, नि चावत राहिले. ह्यांना इतका वेळ एक घास चावताना मी पूर्वी पाहिलं नव्हतं. दोन घासांनंतर त्यांनी हात थांबवला.

श्राद्धाच्या पानावर शेवटी यजमान विचारतो, तृप्त झालात का? नि ब्राह्मण म्हणतो, तृप्त झालो. ते म्हटलं की पितर जेवले. आप्पा हात जोडून पुढं आले. विचारलं.

ह्यांनी आधी पानाकडं बघितलं. शैलानं माझ्याकडं बघितलं.

“आप्पा, मी हे शब्द घरोघर म्हणत आलो,” हे म्हणाले. “सवयीनं म्हणत आलो. आज माईंच्या वतीनं म्हणतो, तृप्त झाले. ते खरं आहे. माझ्या वतीनं नाही म्हणता येत अजून.”

आप्पांनी मान हलवली. दक्षिणा दिली, माझी ओटी भरली. आम्ही निघालो तेव्हा पायरीवर त्यांनी ह्यांना अडवलं.

“गुरुजी, दक्षिणा तुम्ही घेतलीत. आता मला काही द्या.”

“काय देऊ?”

“पंधरवडा अजून बाकी आहे. ज्यांच्याकडं बसणार आहात त्यांना तुम्ही आधी जाऊन सांगायचं. काय झालंय, काय जेवणार, काय नाही. तुमच्या तोंडानं. वहिनींना पुढं करायचं नाही.”

दुसऱ्या दिवशीची दशमी तात्या लिमयांकडं होती. सगळ्या गावात ज्याच्यापुढं हे सांगणं जड जावं, असा तोच एक माणूस. गुरुजींचं जेवण आटलं, ही गोष्ट दुपारच्या आत बाजारात पोचली असती.

“तात्या हसेल,” हे म्हणाले.

“हसू दे. मी किल्ली जानव्याला बांधून फिरलो. मेलो का?”

“बरं,” हे म्हणाले. “देतो शब्द.”

पुढचं सांगायचं तर, तो अंगठा शेवटी गेलाच. कार्तिकात काढावा लागला. पाय राहिला. मार्गशीर्षात एका दुपारी हे ओटीवरून स्वयंपाकघरात आले नि चौकटीला धरून उभे राहिले. चेहरा असा काही, की मला वाटलं चक्कर आली. म्हणाले, “अगं, मला भूक लागलीय. खरोखरची.” मी भाकरी वाढली. ते जेवले, नि भाकरीचा पाव हिस्सा पानात उरला. त्याच्याकडं बघत बसून राहिले. मी तो उचलून गाईला घातला, माझ्या रोजच्या गोग्रासाबरोबर, नि आत येऊन देवापुढं हात जोडले.

पण ते नंतरचं. त्या रात्री ह्यांच्या मनात काय चाललं होतं, मला माहीत नाही. विचारलं नाही. शब्द आप्पांना दिला होता, मला नाही.

दशमीच्या सकाळी मी तुळशीला पाणी घालत होते. श्राद्धाला बसायला अजून बराच अवकाश होता. हे संध्या आटोपून ओटीवर आले. पट्टी नवी होती. ती त्यांनी स्वतः बांधली होती, थोडी तिरकी. ह्या वेळेला ते कधी बाहेर पडत नसत. पूजेची पिशवी खुंटीलाच होती. उपरणं खांद्यावर टाकलं, मऊ चप्पल शोधली, उजवा पाय जपून आत सरकवला.

माझ्याकडं त्यांनी बघितलं नाही. मीही तांब्या खाली ठेवला नाही.

फाटक हलक्या हातानं लावून ते खालच्या आळीच्या उताराला लागले. एका बाजूला जरा कलत, पण न थांबता, तात्या लिमयांच्या घराकडं.